मौनी भावाकडून एक ‘हो’

बिबवेवाडी, पुणे
गुरुवार

चि. इंद्रजीत यास सरोजिनीताईचा सप्रेम जय भीम.

तू मौन धरले आहेस म्हणून हे पत्र लिहावे लागत आहे. बोलणाऱ्या माणसाशी मी आजवर कधी पत्राने भांडलेले नाही. एकाच शहरात राहून बहिणीने भावाला टपाल टाकावे हे मला पटत नाही, म्हणून तुझ्या लेकीच्या, ऋतुजाच्याच हाती देत आहे. तुझी प्रकृती कशी आहे असे आरंभी विचारण्याची रीत आहे. विचारले असे समज. उत्तर येणार नाही हे ठाऊक असल्यामुळे पुढे जाते. माझी प्रकृती उत्तम आहे. रक्तदाब तेवढा वाढला आहे, पण तो गेल्या रविवारपासून, आणि त्याचे कारण वारज्याला तुझ्या दिवाणखान्यात मांडी घालून बसले होते. तुझी कल्याणी म्हणते की तुझ्या नियमाप्रमाणे लिहिणे हेही बोलणेच असते आणि मान हलवणे हेही. वाचण्याबद्दल तुमच्या सरांनी काही सांगितलेले नाही असे कळते. त्या फटीतून हे पत्र आत सरकवते आहे.

आधी मूळ प्रकरण लिहून काढते, म्हणजे तुझीच गोष्ट बाहेरून कशी दिसते ते तुला कळेल. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यानंतर एके दिवशी वारज्याच्या चौकात सिग्नलला तुझी स्कूटर बंद पडली. मागून सगळ्यांनी हॉर्न धरले. आणि तुझ्या सांगण्याप्रमाणे एकदम सगळे शांत झाले. आवाज होते पण टोचत नव्हते, चौक होता, ऊन होते, आणि काही क्षण तू नव्हतास. (मागचा रिक्षावाला होता. त्याने तुला तसे कळवलेही.) हे तू मला येऊन सांगितलेस तेव्हा मी हसले नाही, एवढे ध्यानात ठेव. तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झालेली बाई अशा गोष्टीला हसत नाही. मी तुला चहा दिला आणि म्हटले, झाले ते चांगले झाले, आता स्कूटरचा प्लग साफ करून घे. तू प्लग साफ करून घेतला नाहीस. तू दुसऱ्या दिवशी त्याच वेळी त्याच चौकात गेलास आणि सिग्नल लाल असताना स्कूटर हाताने बंद केलीस. हिरवा झाल्यावरही बंदच ठेवलीस. तिसऱ्या खेपेस वाहतूक पोलिसाने तुला कडेला घेऊन विचारले की काका, घरी सगळे ठीक आहे ना. तू म्हणालास, मी वाट बघतोय. कोणाची, असे त्याने विचारले आणि तुला उत्तर देता आले नाही. तुझ्या सबंध साधनेतला तेवढा एक क्षण मला प्रामाणिक वाटतो.

तुझे हे लहानपणापासूनच असे. सगळी मुले नदीत उडी मारून पोहायला शिकली. तू वाचनालयातून पुस्तक आणलेस, ओट्यावर पालथा पडून हातपाय मारलेस, आणि चाळीतल्या बायका आईला विचारायला आल्या की पोराला झटके येतात का. (नदीत उतरलास तेव्हा बुडालास, तेही पुस्तकात दाखवल्याप्रमाणे.) तेव्हा चौकात काम होईना म्हटल्यावर तू शिकवणी लावणार हे मी ओळखले होते. आणि हल्ली या शहरात कशाची शिकवणी नाही. हिंजवडीत संगणक आले, बाणेरला काचा आल्या, आणि माणसांना वाटू लागले की जे हवे ते नाव नोंदवले की घरपोच येते. आपल्या लहानपणी गॅस सुद्धा असा येत नव्हता. तुमच्या त्या ‘अंतर्जागर’ वर्गात जागृतीच्या सात पातळ्या आहेत, प्रत्येक पातळीला वेगळ्या रंगाचा बिल्ला आहे, आणि तू सहाव्या पातळीवर दोनदा नापास झाला आहेस. साठीकडे झुकलेला माणूस जागे होण्यात नापास होतो आणि पुन्हा परीक्षेला बसतो, हे मी शेजाऱ्यांना काय म्हणून सांगावे?

तुझ्या आग्रहाखातर मी त्यांच्या खुल्या सत्राला आले होते, तेही आठव. काचेची इमारत, चौथा मजला. दारात चपला काढायच्या, घड्याळ काढायचे आणि छातीवर नावाचा बिल्ला लावायचा. (स्वतःला विसरायला आलेल्या माणसांना नावाचे बिल्ले कशाला, असे मी दारातल्या मुलीला विचारले. ती म्हणाली, मॅडम, लंचसाठी.) तुमचे अनिरुद्ध सर ऋतुजाच्याच वयाचे, संगणकातली नोकरी सोडून आलेले. त्यांनी पडद्यावर एक जिना दाखवला, वरच्या टोकाला सूर्य. मग डोळे मिटायला सांगितले. माझ्या उजवीकडचे गृहस्थ लगेच घोरू लागले. ते फार खोल गेले आहेत असे सरांनी हळू आवाजात सांगितले. डोळे उघडल्यावर एका मुलाने सांगितले की त्याला निळा प्रकाश दिसला. तो मलाही दिसला होता. प्रोजेक्टर चालूच राहिला होता. मग प्रश्न विचारा म्हणाले, म्हणून मी उठले. मी म्हटले, ही जागृती प्रयत्नाने येत असेल तर किती प्रयत्न लागतो ते सांगा, म्हणजे माणूस तेवढा करून मोकळा होईल. आणि ती आपोआप येत असेल तर हा जिना कशाला बांधलात? यात उद्धट काही नव्हते. चाळीस वर्षांपूर्वी आमच्या पेपरात हाच प्रश्न याहून अवघड भाषेत यायचा. सर गोड हसले. “मॅडम, यू आर टू मच इन द माइंड.” मी म्हटले, अजून तरी तिथेच राहते. “आम्ही जागृती देत नाही मॅडम, आम्ही फक्त स्पेस तयार करतो.” मी म्हटले, बाणेरात हल्ली सगळे तेच करतात. मागच्या रांगेत कोणी तरी हसले. तू मान खाली घातलीस, आणि मला बसवर सोडताना म्हणालास की ताई, तुझा राग हाच तुझा अडथळा आहे. नंतर माझ्या वाढदिवसाला तू मला तो अडथळा दूर करण्याचे सगळे साहित्य आणून दिलेस. बसायचे आसन, वाजवायची घंटा, आणि सरांच्या आवाजातल्या सीडी. (माझ्याकडे सीडी लावायचे यंत्र नाही. त्यामुळे त्यांचा माझ्यावर फार शांत परिणाम झाला आहे.) ते साहित्य या पत्राबरोबर परत करते आहे, आणि बसवर न दिलेले उत्तर आता देते.

आपले वडील कोंडीराम खडकीच्या कारखान्यात हातोडा चालवत होते. छप्पन साली दीक्षा घेऊन ते नागपूरहून आले तेव्हा मी शाळेत जात होते आणि तू नुकताच चालू लागला होतास. पुढे रविवारी ते आपल्याला विहारात न्यायचे. एकदा तू मूर्तीकडे बघून तशीच मांडी घातलीस, तसेच डोळे मिटलेस, आणि जमलेल्या बायका तुझे कौतुक करू लागल्या. वडिलांनी तुझ्या डोक्यावर टिचकी मारली. म्हणाले, “डोळे मिटायला मूर्ती आहे. तू उघडे ठेव.” ते ध्यानाच्या विरुद्ध नव्हते. स्वतः पहाटे बसायचे. पण बसून उठलेला माणूस न बसलेल्यापेक्षा बरा वागतो की नाही, एवढेच ते बघायचे. सिद्धार्थ गौतमाने सहा वर्षे हाडांचा सापळा होईपर्यंत तप केले, काही झाले नाही. मग सुजाताने दिलेली खीर खाल्ली आणि बसले. आता बोधी त्या सहा वर्षांची की त्या खिरीची, यावर तू आणि मी मरेपर्यंत वाद घालू. (घालू म्हणजे तू बोलू लागल्यावर.) पण बोधी झाल्यानंतर ते पंचेचाळीस वर्षे बोलत होते, हे तर तुला नाकारता येणार नाही. लोक विचारायचे आणि ते उत्तर द्यायचे. काही प्रश्नांवर ते गप्प राहत हे मलाही माहीत आहे. पण ते प्रश्न जगाला अंत आहे की नाही असले होते. मुलगी द्यायची की नाही, असले नव्हते.

आता रविवारचे. तुला डोळे मिटल्यामुळे ते दिसले नसेल, म्हणून सविस्तर लिहिते. तुझी एकुलती एक मुलगी आणि तिच्या कंपनीतला चेतन यांचे जमले आहे. चेतन आप्पासाहेबांचा मुलगा. ते मराठा, आपण बौद्ध. त्यांच्या गावची शेती गेली, तिथे इमारती आल्या, ते गाव महापालिकेत आले (रस्ते अजून यायचे आहेत), पण घरात चेतनच्या आजीचा, तुळजाबाईंचा शब्द चालतो. त्या मुलाने वर्षभर घरात रोज थोडे थोडे भांडण केले तेव्हा ती म्हातारी तुझ्या घराची पायरी चढली. ही साधी गोष्ट नाही, आणि ती का साधी नाही हे मी तुला सांगायला नको. कल्याणीने त्यांना नीट सांगितले की ह्यांचे मौन आहे. आप्पासाहेबांनी मोठ्या मनाने घेतले. त्यांच्याकडे एकादशीला कोणी कोणी मौन धरतात. म्हणाले, हरकत नाही, नुसती मान हलवली तरी पुरे, आणि विचारले, “मग साहेब, पोरगी आमच्या घरात द्यायला तुमची राजीखुशी हाय ना?”

इंद्रजीत, सगळे तुझ्याकडे बघत होते. ऋतुजा चहाचा ट्रे धरून दारात उभी होती. चेतनने श्वास रोखला होता. (तुझ्या घरात त्या वेळी श्वासाकडे लक्ष असलेला तो एकटाच.) आणि तू मंद हसलास व डोळे मिटून घेतलेस.

आप्पासाहेबांना वाटले ऐकू आले नसेल, म्हणून त्यांनी पुन्हा विचारले. तू आणखी थोडा हसलास. तेव्हा तुळजाबाई उठल्या. “आमी एवढं गिळून आलो, आन् ह्यो डोळं मिटतोय. ऊठ रं चेतन.” आणि चहा तसाच ठेवून सगळे गेले. आपल्या घरातला चहा तसाच ठेवून लोक का उठायचे, हे पाहत मी लहानाची मोठी झाले. या वेळी मात्र ते उठले ते आपण त्यांचा अपमान केला म्हणून. वडिलांना उभ्या आयुष्यात जे जमले नाही ते तू एक शब्द न बोलता करून दाखवलेस. आनंद मानावा की तुझ्या डोक्यावर टिचकी मारावी, हे मला अजून ठरवता आलेले नाही. ऋतुजाने कप उचलले, धुतले, पालथे घातले आणि खोलीत जाऊन दार लावून घेतले. मौन धरायचा अधिकार त्या दिवशी घरात कोणाला असेल तर तो तिला होता.

तू ते धरलेस कशासाठी, तेही मला कल्याणीकडून कळले. चौकातले ते पुन्हा येईपर्यंत बोलायचे नाही. म्हणजे मुदत नाही. उद्या येईल, पुढच्या वर्षी येईल, नाही येणार. तोवर ऋतुजाने थांबायचे, चेतनने थांबायचे, आणि आप्पासाहेबांच्या गावाने आपल्याला गर्विष्ठ म्हणायचे. एखादी वस्तू आपोआप मिळाली असेल तर ती पुन्हा मिळावी म्हणून दुसऱ्याचे आयुष्य ओलीस ठेवणाऱ्या माणसाला काय म्हणतात, ते तुमच्या जिन्यावर कुठल्या पायरीला लिहिले आहे?

मंगळवारी मी स्वतः त्यांच्याकडे गेले. रिक्षावाल्याने मला गावाच्या कमानीपाशी सोडले, कारण पुढे खड्डे होते. एका कुत्र्याने मला आप्पासाहेबांच्या फाटकापर्यंत पोचवले. बराच वेळ ओसरीवर बसवून ठेवल्यावर तुळजाबाई बाहेर आल्या. मी माफी मागितली. (मी, तुझ्या वतीने. ते तुझ्या नावावर मांडून ठेव.) त्यांनी विचारले, “भाऊ रागावलाय का तुमचा?” मी म्हटले, नाही हो, तो शांत आहे. “मग लईच वंगाळ. रागावल्याल्याला समजावता तरी येतं.” मला हे वाक्य बी.ए.ला असताना मिळाले असते तर माझा वर्ग वर गेला असता. असो. अखेर त्यांनी अट घातली. येत्या रविवारी संध्याकाळी ते पुन्हा तुझ्या घरी येतील. चिठ्ठी नको, मान नको, कल्याणीने सांगितलेले नको. पोरीच्या बापाने आपल्या तोंडाने ‘हो’ म्हणायचे. नाही तर ते चेतनला दुसरी मुलगी बघणार, आणि ही त्यांची शेवटची खेप.

तेव्हा रविवारी तुला ‘हो’ एवढाच शब्द बोलायचा आहे. डोळे उघडे ठेवून. तो बोलून झाल्यावर पुन्हा मौन धरायचे तर खुशाल धर. लग्नघरात गप्प बसणारा वधूपिता सगळ्यांनाच आवडतो. आणि तो एक शब्द उच्चारल्यामुळे तुझी जागृती मागे फिरली, तर ती यायला निघालीच नव्हती असे समज. कल्याणीला आशीर्वाद सांग. (कसे सांगशील ते तुझे तू बघ.)

तुझी,
सरोजिनीताई

ता. क. वर लिहिलेल्यातला एक शब्दही मी मागे घेत नाही. फक्त ओसरीवरचे जरा घाईने उरकले आहे. तिथे मला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून सगळे आत गेले होते. मी मनातल्या मनात वाक्ये जुळवत होते, अर्धी त्यांच्यासाठी, अर्धी तुझ्यासाठी. तुझी जास्त जहाल होती. समोर अंगणात कोणी तरी नळ सुरू ठेवून गेले होते आणि टाकी भरून वाहत होती. तू मला ओळखतोस. वाहता नळ बघून मी कधी बसून राहिले आहे का? परक्यांच्या लग्नात मी मांडवातून उठून नळ बंद केले आहेत. पण मी बसून राहिले. पाणी होते, ऊन होते, एक म्हैस होती, आणि राग कुठे गेला ते मला सांगता येत नाही. त्याची मालकीणही जागेवर नव्हती. किती वेळ, तेही माहीत नाही. तुळजाबाई बाहेर आल्या, त्यांनी नळ बंद केला आणि म्हणाल्या, “काय बाई, पानी दिसत न्हाई व्हय?” आणि मी हसले. जुळवलेले एकही वाक्य आठवेना. त्याही हसल्या. तह झाला तो त्या हसण्यावर झाला. माझ्या तत्त्वज्ञानाचा त्यात काही हात नाही.

ता. क. दुसरा. मला या गोष्टीचा अतिशय राग आला आहे. मी काही मागितले नव्हते, मला कसली पातळी नव्हती, आणि त्या वेळी मी तुला मनातून शिव्या घालत होते. म्हणजे राग हा अडथळा आहे हे तुझे म्हणणे खोटे ठरले, एवढाच काय तो फायदा. काल मी छत्री राहिली म्हणून पुन्हा तिकडे गेले. (छत्री खरोखरच राहिली होती. निघताना पुन्हा ठेवून आले ती मुद्दाम.) त्याच खुर्चीत बसले. ऊन तेच होते, म्हैस तीच होती, नळ मात्र बंद होता. आज सकाळी छत्रीसाठी परत गेले तेव्हा तुळजाबाईंनी विचारले, “आज काय ऱ्हायलं बाई?” आणि मला उत्तर देता आले नाही.

तेव्हा रविवारी ‘हो’ म्हणून झाल्यावर लगेच गप्प बसू नकोस. ते पुन्हा यावे म्हणून आरंभी काय करतात, एवढे मला सांग. अनिरुद्ध सरांना विचारू नकोस.

ऋतुजाच्या हाती दिलेल्या वस्तूंची नोंद (खाली तिची सही हवी म्हणून पाकीट चिकटवलेले नाही; तिने वरचे वाचू नये):
सरांच्या सीडी, न उघडलेल्या.
घंटा, फडक्यात गुंडाळून.
माझ्या नावाचा बिल्ला.
इंद्रजीतसाठी नवा पांढरा सदरा, रविवारी घालण्यास.
आसन धुवायला टाकले आहे. वाळले की पाठवीन.

वरीलप्रमाणे मिळाले. बाबा, आसन दोरीवर नव्हते. आत्याच्या मोरीच्या दारात, नळासमोर मांडलेले होते. नळ बारीक सुरू होता, खाली बादली होती. आसन मी हलवले नाही. नळही बंद केला नाही.
ऋतुजा